ओसायरिसची कचेरी आणि जपानी खेळ

इ. स. 1864 मध्ये युरोपच्या वाटेवर असलेले जपानचे एक शिष्टमंडळ इजिप्तमध्ये थांबले असता अंतोनियो बेआतो या छायाचित्रकाराने त्यातील सामुराईंचे, कमरेच्या तलवारींसह, स्फिंक्सच्या सान्निध्यात जे छायाचित्र घेतले, ते पाहणाऱ्यास प्रथमदर्शनी ती भेट केवळ प्रवासातील एक गंमत वाटते. परंतु 1965 साली तूतनखामेनच्या थडग्यातील वस्तूंचे प्रदर्शन तोक्यो, क्योतो आणि फुकुओका येथे भरले तेव्हा ते पाहण्यास 29 लाखांहून अधिक लोक लोटले, लगोलग 1966 पासून वासेदा विद्यापीठाचे संशोधक नाईलच्या खोऱ्यात उतरले, आणि या कुतूहलाच्या वातावरणात लहानाची मोठी झालेली पिढीच पुढे संगणकीय खेळांचे कथानक रचू लागली.

या खेळांपैकी ‘रोल-प्लेइंग’ म्हणून जे ओळखले जातात, ज्यांत खेळणारा एखाद्या पात्राची भूमिका पत्करून दीर्घ कथेत हिंडतो, लढतो आणि लढता लढता बलवान होतो, त्यांत इजिप्तला बहुधा नेपथ्याचीच जागा मिळते. युजी होरी यांच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट 3’ (1988) या खेळात आयसिस हे देवीचे नाव चक्क एका वाळवंटी राज्याला दिले आहे. तेथे सुंदर राणी आहे, पिरॅमिड आहे, राजवाड्यातील मुलांच्या गाण्यात पिरॅमिडमधील गोल कळा कोणत्या क्रमाने दाबाव्यात याची खूण दडविलेली आहे, आणि जेथे मंत्र चालत नाहीत अशा तळघरात सोन्याचा एक पंजा आहे, जो उचलताच पावलागणिक शत्रू अंगावर येऊ लागतात. खेळ म्हणून ही योजना अतिशय रंजक आहे, यात वाद नाही. परंतु तिच्यात पती ओसायरिस याच्या देहाचे तुकडे गोळा करीत फिरणाऱ्या आयसिसचा मागमूसही नाही. तो सुवर्णपंजा तूतनखामेनच्या थडग्याच्या 1922 मधील उत्खननानंतर वृत्तपत्रांनी पिकविलेल्या शापाच्या अफवांचा वारस आहे.

देवांना प्रत्यक्ष रंगभूमीवर आणण्याचे श्रेय ‘मेगामी तेनसेई’ या मालिकेकडे जाते. आया निशितानी यांच्या 1986 च्या कादंबरीवरून 1987 साली निघालेल्या या खेळात नॉर्स पुराणांतील लोकी आणि ओसायरिसचा बंधुघातकी भाऊ सेत हे दोघेही शत्रुपक्षात आहेत. पुढे या मालिकेने जगातील यच्चयावत देवदानवांचे एक दफ्तरच तयार केले, ज्यात खेळणाऱ्याने त्यांच्याशी बोलाचाली करावी, पैसे देऊन त्यांना आपल्या पदरी ठेवावे आणि दोघांच्या संयोगातून तिसरा घडवावा. या दफ्तरात आपले शिव आणि विष्णूही नोंदले गेले आहेत, आणि 2016 च्या एका भागात तर श्रीकृष्ण विरोधी पक्षाचा सूत्रधार झालेला पाहून मराठी वाचक दचकेल. इजिप्तच्या देवांची मात्र फिर्याद करणारा कोणी उरलेला नाही; फिलाई येथील आयसिसचे मंदिर सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने बंद केले, तेव्हापासून त्यांची वकिली पुराणवस्तुसंशोधकांखेरीज कोणी करीत नाही.

तरीही सर्वच ठिकाणी हा व्यवहार वरवरचा नाही. ‘शिन मेगामी तेनसेई 5’ (2021) मध्ये चंद्रदेव खोन्सू हा इजिप्तच्या पक्षाचा मुखत्यार असून त्याचा जीव मियाझू नावाच्या एका विद्यार्थिनीत गुंतलेला आहे. हे वाचून कार्नाक येथे सापडलेला आणि सध्या लूव्रमध्ये असलेला शिलालेख आठवल्यावाचून राहत नाही, ज्यात खोन्सूची मूर्ती परदेशी पाठविली जाते, ती बेंत्रेश या राजकन्येला पछाडणारे भूत उतरविते, आणि तेथील राजा मूर्ती परत पाठविण्यास खळखळ करू लागल्यावर देव सोन्याच्या ससाण्याच्या रूपात इजिप्तकडे उडून जाताना त्याला स्वप्नात दिसतो.

परंतु माझ्या मते या विषयाचा कळस ‘पर्सोना 5’ (2016) या खेळात आहे, जरी त्यातील देव टॅरोच्या पत्त्यांत वाटून टाकलेले असले तरी. (टॅरो पंधराव्या शतकातील इटलीचा; तो इजिप्तचा लुप्त ग्रंथ होय, ही कूर द जेबलँ या फ्रेंच गृहस्थाची 1781 मधील कल्पना, म्हणजे शांपोलियॉंने चित्रलिपी उलगडण्याच्या चाळीस वर्षे आधीची!) अनुबिस तेथे न्यायनिवाड्याच्या पत्त्याखाली येतो, आणि ते यथायोग्यच आहे, कारण मृतांचा न्याय करणाऱ्या ओसायरिसच्या कचेरीत तराजू सांभाळण्याचे काम त्याचेच. एका पारड्यात मृताचे हृदय, दुसऱ्यात माआत या सत्यदेवतेचे पीस, भोवती बेचाळीस पंच, लेखणी घेतलेला थॉथ, आणि निकाल विरुद्ध गेल्यास हृदय गिळावयास टपलेली, मगरीच्या तोंडाची अम्मित. आपल्याकडे चित्रगुप्त वही उघडतो. येथे साक्षीला उभे राहते ते आरोपीचे स्वतःचेच हृदय. म्हणून तर शवाचे इतर अवयव काढले तरी हृदय देहातच ठेवीत, त्यावर भुंग्याच्या आकाराचा मणी ठेवीत, आणि त्या मण्यावर ‘मृतांच्या ग्रंथा’तील एक विनवणी कोरीत, की हृदया, माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस.

‘पर्सोना 5’ मधील फुताबा ही मुलगी घराबाहेर पडत नाही. तिच्या आईचा खून झाला होता, परंतु काळ्या पोशाखातील काही माणसांनी आत्महत्येची बनावट चिठ्ठी तिला वाचून दाखविली आणि मुलीच्या त्रासाने आई मेली हे तिच्या मनावर ठसविले. तिचे मन या खेळात वाळवंटातील पिरॅमिडच्या रूपाने दिसते. ते तिचे स्वतःसाठी बांधलेले थडगे आहे. भिंतींवरील विस्कटलेली चित्रे जुळवीत जावे तसतशी आईची शेवटची घटका आणि चिठ्ठीचे ते वाचन डोळ्यांपुढे येते, आणि शेवटी आईचाच चेहरा असलेली पंखधारी स्फिंक्स वाट अडविते. जिच्या हृदयाने तिच्याविरुद्ध खोटी जबानी दिली आहे अशी ही आरोपी होय. इजिप्तचा मनुष्य आपले हृदय चोरीला जाऊ नये म्हणून स्वतंत्र मंत्र बाळगीत असे. फुताबा मात्र खेळातील नायकांच्या, हृदये चोरणाऱ्या टोळीला आपण होऊन बोलावणे धाडते. रचनाकारांनी ‘मृतांचा ग्रंथ’ समोर ठेवूनच हे लिहिले, असा माझा दावा नाही. पण ओसायरिसच्या कचेरीचे मर्म इतके अचूक पकडणारा दुसरा खेळ माझ्या पाहण्यात नाही.

याच खेळात मेजेद हे नाव एका संगणकचोरांच्या टोळीला दिले आहे. हा देव ‘मृतांच्या ग्रंथा’च्या ग्रीनफील्ड या पपायरसवर चित्रित आहे: पांघरूण घेतल्यासारखा घुमटाकार देह, त्यात दोन डोळे, खाली दोन पावले. ब्रिटिश म्युझियमची ही सुमारे 37 मीटर लांबीची, इसवी सनापूर्वी दहाव्या शतकातील गुंडाळी 2012 साली तोक्यो व फुकुओका येथे दाखविली गेली आणि हा अप्रसिद्ध देव जपानी तरुणांच्या गळ्यातील ताईत होऊन बसला. डोळ्यांतून मारा करतो परंतु दिसत नाही, असे त्याचे वर्णन ग्रंथात आहे. अदृश्य राहून घाव घालणाऱ्या टोळीस याहून समर्पक नाव मिळाले नसते.

एक तक्रार मात्र नोंदविली पाहिजे. पिरॅमिडमधून मुक्त झालेल्या फुताबाला जी दैवी शक्ती लाभते ती आयसिसची नाही की माआतची नाही. लव्हक्राफ्ट या अमेरिकन लेखकाने कल्पिलेल्या ‘नेक्रोनॉमिकॉन’ या ग्रंथाचे नाव घेतलेली एक उडती तबकडी तिच्या वाट्यास येते. एवढी रास रचून शेवटी माप परक्याच्या पदरात टाकावे, हे रचनाकारांना शोभले नाही. तरीसुद्धा ज्या वाचकास या परंपरेची ओळख करून घ्यावयाची असेल त्याने ‘पर्सोना 5’ पासूनच आरंभ करावा. शंभरएक तासांची सवड मात्र हाताशी असू द्यावी.