लुंबिनीच्या पुढे किती उंच जायचं?

रविवारी विहारातली वंदना आटोपली, तरी आमच्या बचत गटाच्या बाया सतरंजीवरून लवकर उठत नाहीत. मागच्या महिन्यात त्यातल्या एका मावशीनं माझ्या हातात रंगीत पत्रक ठेवलं. "ताई, औंदा फारेनले जातो आमी. लुंबिनी पायतो, अन् मंग बरफाचे डोंगर."

दोन वर्षं पै-पै बाजूला टाकून अकरा जणींनी पैसे जमवलेत. सोबत काहींचे नवरे आणि दोन-तीन पोरं. आमच्या वस्तीत फारेन म्हणजे आतापर्यंत टीव्हीतली गोष्ट. मला आनंदच झाला. मग चष्मा लावून पत्रक नीट वाचलं.

लुंबिनी, पोखरा आणि तिथून जीपनं मुक्तिनाथ. जेवण काय, खोलीत किती जण, सगळं छापलेलं. उंची मात्र कुठंच नाही. आपलं वाशीम समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर. लुंबिनी त्याहूनही खाली, पोखरा आठशेच्या आसपास. आणि मुक्तिनाथ ३७०० मीटरच्या वर! म्हणजे गाडीत बसल्या बसल्या एक-दोन दिवसांत जवळजवळ तीन हजार मीटर चढायचं.

"तुमच्यात सिकलसेल तपासलेलं कोण कोण आहे?" मी विचारलं. सगळ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. शेवटी एक जण म्हणाली, "आमच्या पोराचं शाळेत तपासलं होतं. एएस हाय म्हने. काही होत नाही म्हनले ना पन?" कार्ड पेटीत तळाशी होतं, लग्नाच्या पत्रिकांखाली.

"काही होत नाही" हे खोटं नाही. पण ते वाशीमपुरतं खरं आहे.

सिकलसेल विदर्भात आपल्या समाजात, आदिवासी बांधवांत आणि इतरही समाजांत आहे, हे या पानावर नव्यानं सांगायला नको. आईबापापैकी एकाकडूनच हा गुण आला तर माणूस वाहक, म्हणजे एएस. दोघांकडून आला तर रुग्ण, म्हणजे एसएस. रक्तातला प्राणवायू कमी झाला, अंगातलं पाणी आटलं, थंडी बाधली की रुग्णाच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. ती कळ ज्यानं सोसली त्यालाच ठाऊक. वाहकाला रोजच्या जगण्यात सहसा त्रास होत नाही. शेतात राबतो, कबड्डी खेळतो. पण उंच डोंगरावर हवा विरळ होते, श्वासागणिक मिळणारा प्राणवायू कमी पडतो. अशा ठिकाणी धाप लागेपर्यंत चढताना वाहकांच्या प्लीहेचा, म्हणजे पानथरीचा, रक्तपुरवठा तुटल्याच्या नोंदी डॉक्टरांनी केलेल्या आहेत. डाव्या बरगडीखाली अचानक जोरात दुखू लागतं. लोक समजतात, गॅस झाला. तसं समजून बसू नका. लगेच खाली उतरा आणि दवाखान्यात पोहोचल्यावर "मी सिकलसेल वाहक आहे" हे वाक्य आधी बोला.

म्हणून आमच्या सहलीचा पहिला खर्च तिकिटाचा नाही, रक्ताच्या तपासणीचा. तोही खर्च नाहीच, सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. आधी साधी सोल्युबिलिटी टेस्ट. ती पॉझिटिव्ह आली तर एएस की एसएस हे कळायला पुढची तपासणी, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. पहिल्याच चिठ्ठीवर थांबू नका. पोरीच्या लग्नाआधी ही चिठ्ठी लागतेच, ती डोंगराआधीही लागते एवढंच माझं नवं म्हणणं.

बाया हिरमुसल्या. "मंग बरफ पाहाचा नाही का?"

पाहायचा ना! बरफ पाहायला बरफावर जावं लागत नाही. पोखराजवळ सारंगकोट म्हणून टेकडी आहे, उंची साधारण सोळाशे मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईएवढीच. वरपर्यंत गाडी जाते. पहाटे तिथं उभं राहिलं की अन्नपूर्णेची रांग आणि ६९९३ मीटरचं माछापुच्छ्रे समोर लाल होत जातं. फेवा तलावात नाव चालते. तलावाच्या वर शांती स्तूप आहे, साधारण अकराशे मीटरवर. तिथं पायी चढून जाता येतं, तेही जंगलातून. निरोगी तरुणांना आणखी चालायचं असेल तर घांद्रुक गाव आहे, दोन हजारांच्या आसपास. आमची हद्द मी तिथंच आखली. मुक्तिनाथ खोडलं.

लुंबिनीतही नुसतं दर्शन घेऊन बसमध्ये बसू नका. अशोकस्तंभ आणि मायादेवी मंदिर पाहून झालं की कालव्याच्या कडेनं चालत निघा. देशोदेशीचे विहार दोन्ही बाजूंना आहेत. सायकल भाड्यानं मिळते. सारस पक्षीही दिसतात. सपाट जागा आहे, गुडघेदुखीवाल्या मावशीही निवांत फिरतील. बाबासाहेब नोव्हेंबर १९५६ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले, तेव्हा मधुमेहानं त्यांचं शरीर पार थकलेलं होतं. आपल्यातल्या किती जणी आज शुगरच्या गोळ्या घेतात! त्या गोळ्या, बीपीच्या गोळ्या, प्रवासाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्तीच्या घ्या, आणि सामानाच्या बॅगेत नाही, खांद्यावरच्या पिशवीत. एका घरची नात एसएस आहे. तिनं जाऊच नये असं मी म्हटलं नाही. तिच्या डॉक्टरांना विचारून लुंबिनी, पोखरा करावं, हायड्रॉक्सियुरियाची गोळी एकही दिवस चुकवू नये, पाणी सतत प्यावं. सारंगकोटची पहाटेची थंडी मात्र तिच्यासाठी नाही.

ज्यांना कधीतरी खरंच उंच जायचं आहे, त्यांनी चंद्रपूरच्या आश्रमशाळेतली पोरं आठवावीत. मे २०१८ मध्ये त्यातली पाच जणं एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचली, पण आधी कित्येक महिने सराव करून. तीन हजार मीटरच्या वर दर मुक्कामाला पाचशे मीटरपेक्षा जास्त चढायचं नाही, हा नियम धडधाकट माणसालाही आहे. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं ही पहिली खूण. तिथंच थांबा. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला, माणूस असंबद्ध बोलू लागला तर रात्र असली तरी खाली उतरवा.

आता कागदपत्रं. नेपाळला व्हिसा लागत नाही. रस्त्यानं जाताना पासपोर्टही सक्तीचा नाही, पण मतदार ओळखपत्र लागतं. नुसत्या आधारवर पंधराच्या आतले आणि पासष्टच्या वरचेच जाऊ शकतात. आमच्या अकरापैकी तिघींच्या मतदार कार्डावर माहेरचं आडनाव निघालं. ते आता दुरुस्तीला टाकलंय. आपल्या शंभराला तिकडचे एकशे साठ रुपये, हा दर ठरलेला. जवळ शंभराच्याच नोटा ठेवा. आपलं आयुष्मान कार्ड सीमेपलीकडे चालत नाही. सगळ्यांनी मिळून दवाखान्यासाठी वेगळी रक्कम बांधून ठेवली आहे, ती एकीच्याच कमरेला राहील.

अकोला, भुसावळ, मग गोरखपूरची गाडी, तिथून बसनं सोनौली आणि पायी कमान ओलांडली की नेपाळ. जायचं नोव्हेंबरात. तोवर सोयाबीनचे पैसे हातात आलेले असतात आणि तिकडं आकाश मोकळं असतं. डिसेंबर-जानेवारीत तराईत धुकं दाटतं, गाड्या रखडतात.

त्याआधी एका रविवारी सगळ्यांना घेऊन चिखलदऱ्याला जाते आहे. तेही अकराशे मीटरच्या आसपास, शांती स्तूपाएवढंच. कुणाला किती धाप लागते, कुणाची चप्पल चावते, कोण पाणी प्यायला विसरतं, ते तिथं कळेल. तपासणीच्या नऊ चिठ्ठ्या आल्या आहेत. दोन घरं अजून राहिली आहेत, सोमवारी मीच त्यांना घेऊन दवाखान्यात जाईन.