श्रमाची कसोटी पावसात

गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिच्या सात दिवसांच्या विशेष शिबिरांतून विद्यार्थी दत्तक गावी जाऊन पायवाटा बांधतात. पहाटे प्रार्थना, मग कुदळ-फावडे, दुपारी पंगत नि बौद्धिक, रात्री गावकऱ्यांपुढे करमणूक, हा दिनक्रम आम्हांला मोलाचा वाटतो. घरी पाण्याचा पेला न उचलणारा मुलगा येथे सर्वांची भांडी घासतो. हेही शिक्षणच आहे.

परंतु सत्तरी-काणकोणच्या डोंगरउतारावर वाट मोडते ती पाण्यामुळे. वाटेला उताराच्या बाजूस किंचित कल हवा, ठिकठिकाणी तिरप्या दगडी ओळी नि चर हवेत, म्हणजे पाणी तिच्यावरून न धावता बाजूला उतरते. हे काम छायाचित्रात उठून दिसत नाही, म्हणून राहून जाते. आणि मृगाच्या सरींत आठवड्याचे श्रम ओढ्याला मिळतात.

समारोपाची भाषणे खुशाल व्हावीत. मात्र श्रावणात त्याच मुलांना त्या वाटेवर पुन्हा न्यावे आणि गाळाने भरलेले चर त्यांच्याच हातून उपसून घ्यावेत. महाविद्यालयांनी एवढे केले, तरच ती वाट गावाच्या उपयोगी पडेल.