माणूस गेल्यावरची वही

जळगाव-धुळ्याकडे माणूस गेला की गल्ली आपसूक कामाला लागते. कुणी तिरडी बांधायला बसतं, कुणी लाकडं-गवऱ्यांचं बघतं, कुणी पाहुण्यांना फोन लावतं. दहावं, उत्तरकार्य, गंधमुक्ती सगळं ठरल्या दिवशी पार पडतं. रेंगाळतं ते कागदाचं काम.

त्यातली पहिली वही मृत्यूनोंदीची. १९६९च्या कायद्यानुसार २१ दिवसांच्या आत नोंद करायची. मृत्यू दवाखान्यात झाला तर कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची, घरी झाला तर घरच्यांची. गोम अशी, की माणूस राहत कुठेही असो, नोंद होते ती मृत्यू झाला तिथे. यावलचा पेशंट जळगावात गेला तर दाखला जळगावचा, शिरपूरचा धुळ्यात गेला तर धुळ्याचा. पोटापाण्यासाठी सुरतेच्या उधना-लिंबायत भागात राहिलेल्या खान्देशी माणसाची नोंद सुरत महापालिकेत. हे माहीत नसलं की घरचे गावच्या ग्रामपंचायतीत चकरा मारत राहतात. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो.

आणि नाव! दाखल्यावर ‘भिका’, आधारवर ‘भिकन’, सातबाऱ्यावर ‘भिकन बुधा’. फॉर्म भरतानाच आधार कार्ड समोर धरलं तर पुढचे हेलपाटे वाचतात.

दुसरी वही तलाठ्याकडची, गाव नमुना ६-क, म्हणजे वारस नोंदवही. जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं. चौकशी होऊन वारसांची नावं ठरतात, फेरफार धरला जातो, नोटीस निघते, हरकतींसाठी १५ दिवस दिले जातात आणि शेवटी मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. अर्ज आता ‘ई-हक्क’ प्रणालीवर घरूनही करता येतो. तरीसुद्धा आजोबांच्या नावावरचे सातबारे इतके साचले, की २०२५ साली सरकारला ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढावी लागली. आधी बुलढाण्यात, मग १ एप्रिलपासून राज्यभर. मयताच्या नावावर नवं पीककर्ज मिळत नाही. विकासोचं, म्हणजे गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचं, जुनं कर्ज मात्र जागचं हलत नाही.

खरी गाठ बसते ती बहिणींच्या नावाशी. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, आणि मयताची आई हयात असेल तर तीही पहिल्या वर्गातली वारस. अर्जात मात्र ही नावं ‘राहून’ जातात. बहिणीला हक्क सोडायचाच असेल तर हक्कसोडपत्र नोंदणी केलेलं हवं. साध्या कागदावरची सही चालत नाही. गंधमुक्तीला सगळ्या बहिणी घरी असतात, तेव्हाच हा विषय उघडपणे काढलेला बरा. ताटावर बसून असं बोलणं अवघड जातं, पण पुढे कोर्टात बोलणं त्याहून महाग पडतं.

शेतकरी विजेच्या धक्क्याने, सर्पदंशाने किंवा विहिरीत पडून गेला असेल तर गोपीनाथ मुंडे अपघात योजनेत वारसाला २ लाख रुपये मिळू शकतात. त्यासाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत अर्ज करावा लागतो.

आणखी एक काम आठवड्याभरात उरकावं. मयताचं बँक पासबुक काढून मे महिन्याच्या नोंदी बघा. ४३६ रुपये वजा झालेले दिसले, तर तो प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचा हप्ता असतो. वारसदाराला २ लाखांचा दावा करता येतो, आणि दाव्याचा फॉर्म त्याच बँकेत मिळतो.