एक इंग्रजी शब्द : ‘ड्राइव्ह’



इचलकरंजीला अगदीं लागून असलेलें कबनूर हें हातकणंगले तालुक्यांतील गांव. शेती आणि यंत्रमाग या दोहोंवर या भागाचा संसार चालतो. अशा गांवांत सकाळीं तासभर कोणी उभा राहिला, तर एक लहानसा इंग्रजी शब्द त्याच्या कानांवर निरनिराळ्या अर्थांनीं पडण्याचा संभव आहे. यंत्रसामानाच्या दुकानांत कोणी ‘बेल्ट ड्राइव्ह’ची चौकशी करीत असतो, झेरॉक्सच्या दुकानांत विद्यार्थी ‘पेन ड्राइव्ह’ पुढें करतो, पोलिसांचा हेल्मेटविषयींचा ‘ड्राइव्ह’ सुरू झाल्याची वार्ता कोणी सांगतो, मैदानावरचीं मुलें ‘कव्हर ड्राइव्ह’ची वाहवा करतात, आणि नवी गाडी घेतलेला तरुण मित्रांस ‘लाँग ड्राइव्ह’चें आमंत्रण देतो. शब्द एक, वस्तु मात्र पांच. त्या पांचांत कांहीं नातें आहे कीं हा केवळ योगायोग आहे, आणि नातें असल्यास तें समजून घेण्यांत आपला लाभ काय, याचा विचार आज करावयाचा आहे.

या शब्दाचें मूळ मोटारींत नाहीं, गुरांत आहे. प्राचीन इंग्रजींतील ज्या धातूपासून तो आला, त्याचा अर्थ मागून रेटणें, पुढें लोटणें, हांकणें असा होता. त्याच घराण्यांतील ‘ड्रोव्ह’ म्हणजे हांकून नेलेला गुरांचा कळप. आपल्या ‘हांकणें’ या क्रियापदाशीं त्याचें व्युत्पत्तीचें नातें नसलें, तरी अर्थाचें नातें सख्ख्या भावाचें आहे. आपण गुरें हांकतों, बैलगाडी हांकतों, आणि विजेचे पंप येण्यापूर्वीं विहिरीवर मोटही हांकीत होतों. या सर्व क्रियांत एक गोष्ट समान आहे. चालणारा एक असतो आणि चालविणारा दुसरा. आणि हा दुसरा बहुधा मागें असतो. धुरकरी बैलांच्या मागें बसतो, पण वाट ठरवितो तोच. श्रोत्यांनीं एवढी गोष्ट मनांत ठेवावी. पुढील सर्व अर्थांची किल्ली तीच आहे.

हांकण्याचा हा शब्द इंग्लंडांत घोडागाडीस लागला, आणि नंतर त्या गाडींतून केलेल्या फेरफटक्यास. पुढें ज्या रस्त्यानें असा फेरफटका करावा त्या रस्त्यासही लोक तेंच नांव देऊं लागले. समुद्र हटवून मिळविलेल्या जमिनीच्या कडेनें जाणारा मुंबईचा ‘मरीन ड्राइव्ह’ हें याचें आपणां सर्वांस ठाऊक असलेलें उदाहरण होय. त्याचें अधिकृत नांव नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग असें आहे. तथापि लोकांच्या तोंडचें जुनें नांव अद्याप गेलेलें नाहीं. मोठ्या घराच्या फाटकापासून दारापर्यंत जाणाऱ्या खासगी वाटेलाही ‘ड्राइव्ह’ म्हणतात. म्हणून परदेशीं राहणाऱ्या आपल्या भाच्याच्या पत्त्यांत ‘अमुक ड्राइव्ह’ असें आढळलें, तर तें मोटारीच्या कारखान्याचें नांव नसून रस्त्याचें नांव आहे असें समजावें. तसेंच, ‘तासाभराचा ड्राइव्ह’ या प्रयोगांत हा शब्द अंतराचें माप होतो. आपण ‘गाडीनें तासाभराची वाट’ म्हणतों, तेंच हें. येथें आणखी एक सूक्ष्म भेद आहे. मोटारसायकलवरून केलेल्या फेरीस इंग्रजी बोलणारा ‘राइड’ म्हणतो, कारण तेथें बसणारा घोड्यावर बसल्यासारखा स्वार होतो. मराठींत मात्र मोटार आणि सायकल दोन्ही आपण ‘चालवितों’.

आतां कबनूरच्या यंत्रमागाकडे वळूं. इचलकरंजी संस्थानांत नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या कारकीर्दींत, १९०४ सालीं, विठ्ठलराव दातार यांनीं पहिला यंत्रमाग बसविला, आणि पुढें हा धंदा आसपासच्या गांवांत पसरला. मागाच्या बाबतींत ‘ड्राइव्ह’ म्हणजे शक्ति नव्हे. शक्ति जेथें उत्पन्न होते तेथून जेथें काम व्हावयाचें तेथपर्यंत ती नेण्याची जी योजना, तिला ‘ड्राइव्ह’ म्हणतात. विजेची मोटार फिरते. तिच्या पुलीवरील पट्टा मागाचा क्रँक-शाफ्ट फिरवितो. त्या शाफ्टवरील दांत्यांचें चाक खालच्या शाफ्टवरील दुसऱ्या चाकास फिरवितें. या दुसऱ्या चाकाचे दांते पहिल्याच्या दुप्पट असतात. त्यामुळें वरचा शाफ्ट दोन फेरे करील तेव्हां खालचा एक करतो. वरच्या प्रत्येक फेऱ्यास फणी बाण्याचा एक धागा ठोकते, आणि खालच्या एका फेऱ्यांत धोटा एकदां जातो व एकदां येतो. हा मेळ चुकला कीं धोटा ताण्यांत अडकून धागे तुटलेच म्हणून समजावें. यावरून ‘मोटार बिघडली’ आणि ‘ड्राइव्ह बिघडला’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत हें दिसून येईल. पहिलीस वायरमन लागतो, दुसरीस जॉबर. शब्दाचा अर्थ नीट न कळल्यास भलताच मनुष्य बोलावला जातो, आणि माग मात्र उभा राहतो.

मोटारगाडींतील ‘फोर व्हील ड्राइव्ह’चा अर्थही याच रीतीनें लागतो. इंजिनाची शक्ति चारही चाकांस पोंचत असेल, तर ती गाडी त्या प्रकारची. ओल्या रानांतून उंसानें भरलेली ट्रॉली ओढतांना ट्रॅक्टरचीं मागचीं दोनच चाकें जोर करीत असलीं आणि तींच चिखलांत फिरूं लागलीं, तर पुढच्या चाकांचा कांहीं उपयोग होत नाहीं. हा फरक शेतकऱ्यांस शब्दकोशावांचून समजतो.

पण ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ या शब्दांनीं पुष्कळांची दिशाभूल होते. ‘ही गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूनें चालवावयाची’ असा त्यांचा अर्थ नाहीं. डाव्या बाजूनें तर आपल्या देशांत सर्वच गाड्या चालतात. सुकाणूचें चाक व चालविणाऱ्याची बैठक गाडीच्या डाव्या अंगास आहे, एवढाच त्याचा अर्थ. असे शब्द एखाद्या जड वाहनाच्या पाठीवर दिसले, तर मागच्यानें ती धोक्याची सूचना समजावी. डावीकडे बसलेल्या त्या मनुष्यास उजव्या बाजूनें पुढें जाणारें वाहन नीट दिसेलच असें नाहीं. त्याचा हातही उजवीकडे इशारा करण्यास पोंचत नाहीं. म्हणूनच १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें, इशारा देण्याचें चालू स्थितींतील साधन बसविलेलें नसल्यास, अशी गाडी सार्वजनिक ठिकाणीं चालविण्यास मनाई केली आहे.

संगणकांतील ‘ड्राइव्ह’ हें यंत्रांतील ‘ड्राइव्ह’चेंच अपत्य आहे. १९५६ सालीं आय. बी. एम. कंपनीनें माहिती सांठविण्याचें जें यंत्र बाजारांत आणलें, त्यांत दोन दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या एका दांड्यावर मिनिटास बाराशें फेरे या वेगानें फिरत. त्या तबकड्या फिरविणारी योजना म्हणून ‘डिस्क ड्राइव्ह’ हें नांव यथार्थ होतें. पुढें तबकडी लहान झाली आणि शेवटीं पेन ड्राइव्हमधून ती नाहींशीच झाली. त्यांत फिरणारें कांहींच नाहीं, तरी नांव मागें राहिलें. घरांतून जातें गेल्यावरही पिठाच्या गिरणीस ‘दळण’ नेण्याचा शब्द चालतो, तसाच हा प्रकार.

यंत्राकडून हा शब्द मनाकडेही गेला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वुडवर्थ यांनीं १९१८ सालीं मनुष्याच्या वर्तनाचा विचार करतांना यंत्रणा आणि तिला चालना देणारा जोर असे दोन भाग कल्पिले, व त्या जोरास ‘ड्राइव्ह’ म्हटलें. भूक, तहान या अशाच प्रेरणा होत. ‘त्या मुलांत ड्राइव्ह आहे’ असें आपण म्हणतों तेव्हां हीच कल्पना मनांत असते. मराठींत तिला प्रसंगानुसार जिद्द, धडाडी किंवा ओढ म्हणतां येतें. क्रिकेटमध्यें चेंडूच्या मागून बॅट सरळ आणून तो पुढें लोटला, कीं तो ‘ड्राइव्ह’. सांगलीस जन्मलेले विजय हजारे यांनीं १९४८ च्या जानेवारींत अ‍ॅडलेड येथें एकाच कसोटी सामन्याच्या दोन्ही डावांत शतकें काढलीं. त्यांच्या फलंदाजीच्या वर्णनांत हा शब्द हटकून येतो. पुष्कळ लोकांनीं मिळून एकाच दिशेनें जोर लावला म्हणजे तोही ‘ड्राइव्ह’ होतो. पण त्यास आपल्याकडे ‘मोहीम’ हा भारदस्त शब्द आहे. १९९५ सालीं देशांत पल्स पोलिओची मोहीम सुरू झाली, आणि २०१४ सालीं देश पोलिओमुक्त ठरला. ‘मोहीम’ म्हटल्यानें त्या कामाची धार कोठेंही कमी झाली नाहीं.

तेव्हां या शब्दाशीं कसें वागावें? जेथें तो एखाद्या वस्तूचें नांव म्हणून रुळला आहे, तेथें त्यास हाकलून देण्याचें कारण नाहीं. पेन ड्राइव्ह, बेल्ट ड्राइव्ह हे शब्द खुशाल चालूं द्यावे. परंतु मोहीम, फेरफटका, जिद्द हे अर्थ सांगावयाचे असतां आपले शब्द बाजूस सारले, तर ऐकणाऱ्यास पांच वस्तूंपैकीं कोणती तें ताडावें लागतें. आपल्या भाषेंत जेथें पांच शब्द आहेत, तेथें एकावर भागविणें ही काटकसर नव्हे, तोटा आहे.

शेवटीं मूळ अर्थाकडे परत येऊं. बैलगाडी हांकणाऱ्यास उंसाच्या हंगामांत रात्रीं डुलकी लागली, तरी बैल ओळखीची वाट सोडीत नाहींत. कारण तेथें शहाणपण दोन ठिकाणीं आहे, मनुष्यांत आणि जनावरांत. मोटारीस स्वतःची वाट ठाऊक नसते. तिच्यांत सर्व शहाणपण चालविणाऱ्याचें, आणि म्हणून सर्व जबाबदारीही त्याचीच. परंतु त्या चालविणाऱ्याच्या मागें कोणी असतो कीं नाहीं? अठरा वर्षें न भरलेल्या मुलाच्या हातीं गाडीची किल्ली घरांतूनच येते. २०१९ च्या दुरुस्तीनें कायद्यानें हा मागचा हात पुढें आणला आहे. अशा मुलानें गाडी चालवून गुन्हा केल्यास त्याच्या पालकास किंवा गाडीच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊं शकतो. तें आपल्या नकळत घडलें, किंवा आपण योग्य ती काळजी घेतली होती, हें त्यानें सिद्ध केलें तरच त्याची सुटका होते. त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाहीं, तो वेगळाच.

किल्ली देणारा आपणांस ‘ड्रायव्हर’ समजत नाहीं. तो तर घरीं बसलेला असतो. पण शब्दाचा जुना अर्थ पाहिला तर हांकणारा तोच ठरतो, कारण मागून लोटणें हेंच हांकणें. ‘ड्राइव्ह’ हा शब्द पुढच्या वेळीं कानांवर येईल, तेव्हां श्रोत्यांनीं एवढेंच विचारावें : येथें चालतें कोण, आणि चालवितें कोण? त्याचें उत्तर सांपडलें, म्हणजे शब्दाचा अर्थ कळला, आणि कधीं कधीं आपलें कर्तव्यही कळलें.