किशोरवयीन स्थूलता: दाह आणि आहार
स्थूल शरीरातील चरबी म्हणजे निष्क्रिय साठा नव्हे. फुगलेल्या मेदपेशी आणि त्यांच्या ऊतीत शिरलेल्या रोगप्रतिकारक पेशी टीएनएफ-अल्फासारखी दाहकारक द्रव्ये स्रवतात. त्यामुळे इन्सुलिनचा प्रभाव घटतो. हा मंद दाह दुखत नाही, म्हणूनच दुर्लक्षिला जातो.

या दाहाला रोजचा आहारही खतपाणी घालतो. उज्जैनच्या फ्रीगंजमधील टावर चौकात संध्याकाळी चाट-पाणीपुरीच्या गाड्या लागतात. अधूनमधून तिथे खाण्यापेक्षा मैदा, तळण आणि गोड पेयांची रोजची सवय अधिक घातक. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मुक्त साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी. ज्वारीची भाकरी, मोडाची उसळ, पालेभाज्या यांतून तंतू मिळतात, जवसाच्या चटणीतून ओमेगा-३. दाह कमी करण्यासाठी चिमूटभर हळदीवर मात्र भिस्त ठेवू नये. वजन घटवण्यासाठी वाढत्या मुलांना उपाशी ठेवणे अपायकारकच. उंची वाढत असताना वजन स्थिर राखणेही अनेकदा पुरेसे ठरते.