आरेखकाचें साधन आणि लिनक्स

वाशीम जिल्ह्यांतील आसेगांवासारख्या गांवीं लोहाराच्या किंवा वेल्डिंगच्या दुकानांत क्षणभर उभें राहिलें, तर एक गोष्ट सहज नजरेस येते. नवी तिफण करावयाची असो, ट्रॅक्टरला जोडावयाचें पेरणीयंत्र असो, कीं गोठ्याच्या छपराची कैंची असो, कारागीर प्रथम खडूनें जमिनीवर रेघा ओढतो. फण किती, दोन फणांत अंतर किती, भोंक कोठें पाडावयाचें, हें सारें त्या रेघांत असतें. काम संपलें आणि जमीन झाडली, कीं आराखडाही गेला. पुढच्या हंगामांत तेंच यंत्र पुन्हा करावयाचें झाल्यास जुन्या यंत्राचीं मापें घ्यावीं लागतात. आणि तें यंत्र तर तोंवर दुसऱ्या गांवीं कोणाच्या तरी शेतांत उभें असतें.

कागदावरचा आराखडा ही अडचण दूर करतो. संगणकावरचा आराखडा त्याच्याही पुढें जातो, कारण त्यांत खाडाखोड न करितां फेरफार करतां येतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत आरेखकाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून गांवीं परतलेल्या तरुणास ही विद्या अवगत असते. अडचण येते ती साधनाची. घरचा संगणक बहुधा जुना, कोणीतरी वापरून दिलेला. विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबली, आणि त्यानंतरचें विंडोज ११ अशा जुन्या यंत्रास आपल्या पंक्तीस बसूं देत नाहीं. तेव्हां एखादा जाणता मित्र त्यांत लिनक्स घालून देतो. संगणक पुन्हा तरतरीत होतो खरा. पण शिकलेलें असतें ऑटोकॅड, आणि तें लिनक्सवर चालत नाहीं.

येथें एक मार्ग सर्वांस ठाऊक असतो, तो म्हणजे कुलूप तोडलेली प्रत कोणाकडून तरी पेनड्राइव्हवर आणावयाची. ती चोरीची असते, एवढाच तिचा दोष नव्हे. कुलूप तोडणारानें आंत आणखी काय दडवून ठेवलें आहे, हें घेणारास कळत नाहीं. आणि लिनक्सवर तर त्या चोरीचाही उपयोग होत नाहीं!

हा तिढा कसा पडला तें समजण्यास थोडें मागें जावें लागेल. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेंत आयव्हन सदरलँड ह्यानें १९६३ सालीं आपल्या प्रबंधासाठीं ‘स्केचपॅड’ नांवाची आज्ञावली रचली. प्रकाशलेखणीनें पडद्यावर रेघ ओढावी, ‘ही रेघ त्या रेघेशीं समांतर राहूं दे’ असें यंत्रास बजावावें, आणि यंत्रानें तें निमूटपणें पाळावें, असा तो प्रकार होता. तो संगणक मात्र खोलीभर पसरलेला होता. टेबलावर मावणाऱ्या संगणकासाठीं ऑटोडेस्क कंपनीनें १९८२ सालीं ऑटोकॅड बाजारांत आणलें, आणि पुढें आरेखकांच्या कचेऱ्यांतून टी-स्क्वेअर व शाईच्या लेखण्या हळूहळू नाहींशा झाल्या.

मौज अशी कीं, हेंच ऑटोकॅड एके काळीं युनिक्स कार्यप्रणालीवरही मिळत असे. १९९४ च्या तेराव्या आवृत्तीपर्यंत हा क्रम चालला. १९९७ ची चौदावी आवृत्ति निघाली ती केवळ विंडोजसाठीं. लिनक्सचा जन्म १९९१ चा. फिनलंडमधील लिनस टोरव्हाल्ड्स नांवाच्या विद्यार्थ्यानें युनिक्सच्याच वळणावर तें रचण्यास आरंभ केला होता. म्हणजे ज्या घराण्यांतून ऑटोकॅड निघून गेलें, त्या घराण्याच्या वळणावर गेलेला हा मुलगा तेव्हां नुकताच कोठें चालूं लागला होता. त्यानंतर तें पुन्हा ह्या दारीं फिरकलें नाहीं. ‘वाइन’ नांवाची एक दुभाषी आज्ञावली आहे. विंडोजसाठीं लिहिलेल्या कार्यक्रमाचें बोलणें ती लिनक्सला समजावून सांगते. लहानसहान कार्यक्रम तीवर बरे चालतात. ऑटोकॅडच्या नव्या आवृत्त्यांपुढें मात्र हा दुभाषी अडखळतो, आणि आज चाललें तें उद्यां चालेल असा भरंवसा देतां येत नाहीं. पोटापाण्याचें काम त्यावर टाकणें धोक्याचें.

म्हणून ‘लिनक्सवर ऑटोकॅड कसें बसवावें?’ हा प्रश्न सोडून ‘लिनक्सवर आरेखन कशानें करावें?’ असें विचारणें अधिक फलदायी ठरतें. परंतु उत्तर शोधूं लागतांच दुसरा एक फांस पुढें येतो, आणि तो अधिक फसवा आहे. फ्रान्समधील दासो सिस्टिम्स ह्या बड्या कंपनीनें २०१० सालीं ‘ड्राफ्टसाइट’ नांवाची आज्ञावली विनामूल्य देण्यास आरंभ केला. पुढें तिची लिनक्सवर चालणारी आवृत्तिही निघाली. रूपानें ती ऑटोकॅडची सख्खी बहीण शोभावी अशी. ऑटोकॅडच्या फाईली ती सहज उघडी. जगभरच्या लिनक्सवाल्या आरेखकांस हायसें वाटलें, आणि अनेकांनीं आपलें सारें काम तिच्यावर नेलें. २०१९ सालीं हें वांटप बंद झालें. हातीं असलेल्या जुन्या फुकट प्रती ३१ डिसेंबर २०१९ नंतर चालेनाशा झाल्या, आणि विकतच्या नव्या आवृत्तींत लिनक्सला स्थान उरलें नाहीं. कंपनीनें ह्यांत बेकायदेशीर असें कांहीं केलें नाहीं. वस्तु तिची होती. द्यावी कीं न द्यावी, हा तिचा अधिकार.

फुकट आणि मुक्त ह्यांतील भेद येथें उमगतो. उन्हाळ्यांत रस्त्यावर कोणी पाणपोई घालतो. तिचें पाणी फुकट असतें, पण रांजण उचलून न्यावयाचा तर मालकास कोण अडवणार? गांवच्या सामाईक विहिरीची गोष्ट निराळी. तिचा दोर तुटला तर कोणीही नवा बांधावा, गाळ सांचला तर चारजणांनीं उतरून काढावा. मुक्त आज्ञावलींत जी मूळ लिखित सामग्री असते ती सर्वांस खुली असते. मूळ कर्ता थकला किंवा त्याचें मन फिरलें, तरी दुसरा ती पुढें चालवूं शकतो.

हें नुसतें तत्त्व नव्हे; ‘लिब्रेकॅड’चा जन्मच असा झालेला आहे. स्वित्झर्लंडमधील एका लहान कंपनीची ‘क्यूकॅड’ नांवाची आज्ञावली आहे. तिच्या एका जुन्या आवृत्तीची मूळ सामग्री खुली होती. ती घेऊन २०१० च्या सुमारास कांहीं हौशी मंडळींनीं तिला नवें वळण दिलें आणि लिब्रेकॅड हें नांव ठेविलें. क्यूकॅडही आपल्या जागीं चालूंच आहे. दोन्ही साधनें सपाट आराखड्यांचीं, म्हणजे कागदावर उतरणाऱ्या रेघा, वर्तुळें, मापें आणि थर एवढ्यांपुरतीं. ऑटोकॅड शिकलेल्या तरुणास त्यांची संवय आठवडाभरांत होते. जुन्या, अशक्त संगणकावरही तीं धांवतात. घराचा नकाशा, पत्र्यांत कापावयाचा आकार, खिडकीची जाळी, ह्यांपलीकडे ज्याचें काम जात नाहीं, त्यानें आणखी कांहीं शोधण्याच्या भरीस पडूं नये.

घनाकृति आराखडा हवा असल्यास ‘फ्रीकॅड’कडे वळावें लागतें. युर्गेन रीगल ह्या जर्मन अभियंत्यानें त्याची पहिली आवृत्ति २००२ सालीं प्रसिद्ध केली. त्याच्या पोटांत भूमितीचें जें गणित चालतें, तें ‘ओपन कॅस्केड’ नांवाच्या संग्रहाचें. हा संग्रह फ्रान्समधील मात्रा डेटाव्हिजन कंपनीनें १९९९ सालीं सर्वांस खुला केला. फ्रीकॅडची खरी खुबी पेरणीयंत्राच्या उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, सोयाबीनसाठीं दोन फणांत ४५ सेंटिमीटर अंतर धरून कारागिरानें सांगाडा आंखला. उद्यां दुसऱ्या शेतकऱ्यास तेंच यंत्र ३० सेंटिमीटरचें हवें झालें. सपाट आराखड्यांत प्रत्येक रेघ हातानें सरकवावी लागेल. फ्रीकॅडमध्यें अंतराच्या घरांत ४५ च्या जागीं ३० लिहिलें, कीं फण सरकतात, भोंकें सरकतात, चाड्याच्या नळ्यांच्या जागा बदलतात, दांडीची लांबीही घटते. अर्थात् हे संबंध आंखणारानें आरंभींच नीट बांधून ठेविले असले तर. नसले तर सारा सांगाडा विस्कटतो आणि शिकाऊ माणूस कपाळाला हात लावतो.

ह्या आज्ञावलीस एक खोड अनेक वर्षें होती. घनाकृतीच्या पृष्ठांस ती अनुक्रमांक देई. गल्लींत मध्येंच एखादें नवें घर उभें राहून पुढच्या सर्व घरांचे क्रमांक बदलावे आणि पोस्टमननें जोशांचें पत्र पाटलांच्या दारांत टाकावें, तसा प्रकार होई. आकृतींत एक खांच वाढविली, कीं सहाव्या पृष्ठावरचें भोंक भलत्याच पृष्ठावर जाई. नोव्हेंबर २०२४ मध्यें निघालेल्या आवृत्ति १.० मध्यें हा दोष बऱ्याच अंशीं दूर झाला. ‘एक’ हा आंकडा धारण करण्यास बावीस वर्षें घेणारी आज्ञावली विरळाच! तरीही ती शिकण्यास वेळ लागतो, आणि तिला लिब्रेकॅडहून पुष्कळ अधिक स्मरणशक्तीचा संगणक हवा, हें आधींच सांगितलेलें बरें.

ह्याखेरीज ‘ओपनएससीएडी’ म्हणून एक चमत्कारिक साधन आहे. त्यांत रेघ ओढावयाची नसतेच. नळकांडें इतक्या उंचीचें, त्यांतून भोंक इतक्या व्यासाचें वजा करा, अशीं वाक्यें लिहावयाचीं आणि आकृति तयार होते. गणिताची आवड असलेल्या विद्यार्थ्यास तें फार मानवतें. अमेरिकन सैन्याच्या प्रयोगशाळेंत १९७९ सालीं आरंभिलेलें ‘बीआरएल-कॅड’ २००४ पासून मुक्त आहे. तें तज्ज्ञांच्या कामाचें, गांवच्या दुकानास त्याचा उपयोग थोडा. ज्यास पैसे देऊन घ्यावयाचें आहे, त्याच्यासाठीं बेल्जियममधील ब्रिक्सिस कंपनीचें ‘ब्रिक्सकॅड’ लिनक्सवर चालतें.

महाराष्ट्रांतही ह्या दिशेनें काम झालेलें आहे. पवई येथील आय.आय.टी. मुंबईमध्यें केंद्र सरकारच्या साहाय्यानें ‘फॉसी’ नांवाचा प्रकल्प चालतो. शिक्षणांत मुक्त आज्ञावलींचा प्रसार हा त्याचा हेतु. तेथें ‘ओसडॅग’ नांवाची आज्ञावली घडविली आहे. पोलादी बांधकामांतील तुळ्या, खांब आणि त्यांचे सांधे ह्यांची आंखणी ती भारतीय मानक आय.एस. ८०० : २००७ ह्यास अनुसरून करते, आणि सांध्याची घनाकृति पडद्यावर दाखविते. तिच्याही पोटांत तोच ओपन कॅस्केड आहे. विजेच्या मंडलांसाठीं त्याच प्रकल्पानें ‘ई-सिम’ तयार केलें असून, मंडल रेखाटण्यास तें ‘किकॅड’ ह्या मुक्त साधनाचा आधार घेतें. दोन्ही लिनक्सवर चालतात. आय.आय.टी. मुंबईच्याच ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमाचे लिनक्ससारख्या विषयांवरील लहान लहान बोलके पाठ मराठींतही आहेत. तालुक्याच्या ठिकाणीं खासगी वर्गास जाण्याची ऐपत नसलेल्या मुलास ही सोय मोठी आहे.

साधन मिळालें, हात बसला. तरी धंद्यांत एक अडचण शिल्लक राहतेच, ती फाईलच्या भाषेची. ऑटोकॅड आपला आराखडा ‘डीडब्ल्यूजी’ ह्या स्वरूपांत ठेवतें, आणि त्या स्वरूपाचें व्याकरण ऑटोडेस्कनें जाहीर केलेलें नाहीं. इतरांनीं तें तर्कानें उलगडलें. म्हणून लिब्रेकॅड अशा फाईली अर्धवटच वाचतें, आणि फ्रीकॅडला मध्यें रूपांतर करणारी वेगळी आज्ञावली लागते. ठेकेदार किंवा शहरांतील वास्तुशिल्पज्ञ डीडब्ल्यूजी पाठवितो व तेंच परत मागतो, तेव्हां लिनक्सवाला आरेखक पेंचांत सांपडतो. पुष्कळांनीं मुक्त साधनें सोडलीं तीं ह्याच पायरीवर. त्यांस दोष देणेंही योग्य नव्हे. सुदैवानें ऑटोडेस्कनेंच देवाणघेवाणीसाठीं ‘डीएक्सएफ’ नांवाचें दुसरें स्वरूप १९८२ पासून दिलेलें आहे, आणि त्याचें व्याकरण जाहीर आहे. समोरच्या गृहस्थास ‘डीएक्सएफ पाठवा’ एवढें म्हटलें, कीं बहुतेक काम सुटतें. ऑटोकॅडमधून तें काढून देणें हें त्याच्यासाठीं क्षणाचें काम असतें. घनाकृतीसाठीं ‘स्टेप’ हें आंतरराष्ट्रीय मानकानें ठरलेलें स्वरूप आहे. स्वतःचे आराखडेही मूळ फाईलबरोबर ह्या स्वरूपांत जपून ठेवणाऱ्यास पुढें कोणतीही कंपनी बुडाली किंवा रुसली, तरी आपल्याच रेघांसाठीं तिच्या दारांत उभें राहावें लागत नाहीं.

डीएक्सएफचीही एक खोच आहे. त्यांत आंकडे असतात, पण ते आंकडे मिलिमीटरचे कीं इंचांचे, ह्याची नोंद कित्येकदां नसते. आसेगांवीं आंखलेला पत्र्याचा तुकडा कापण्यासाठीं अकोल्यास धाडला, आणि तेथील यंत्रानें मिलिमीटरांस इंच समजून घेतलें, तर तुकडा २५.४ पट मोठा होतो. तितका मोठा झाला तर निदान कोणाच्या तरी ध्यानांत येतें. उलट प्रकार घडला, तर बोटभर तुकडे कापले जाऊन पत्र्याचे पैसे वायां जातात. म्हणून जाणते आरेखक आकृतीच्या कोपऱ्यांत शंभर मिलिमीटरांची एक रेघ ओढून तिच्यावर माप लिहून ठेवतात. कापणारानें फाईल उघडल्यावर प्रथम तेवढी रेघ मोजावयाची, आणि मग यंत्र सुरू करावयाचें.