संकासुराला किती घाबरायचं?

हा भाग ऐकून झाल्यावर काहींनी 'लिहून द्या, घरच्यांना वाचायला द्यायचाय' असं सांगितलं. म्हणून बोललो तसंच, थोडी काटछाट करून इथे देतोय.

सुरुवात एका श्रोत्या ताईंच्या प्रश्नाने. त्यांच्या सोसायटीत ऑक्टोबरच्या शेवटी हॅलोविन पार्टी झाली. मोठी मुलं कवटीचे मुखवटे घालून जिन्यात लपली, दिवे घालवले आणि लहान मुलं आली की अंगावर धावून गेली. त्यांचा चार वर्षांचा मुलगा त्यानंतर कितीतरी रात्री दिवा लावून झोपला. पुढच्या वर्षी न्यावं की नाही, असं त्यांनी विचारलंय. मोठ्यांना भीती हवी, लहानांना मजा हवी, दोन्ही एका ठिकाणी जमतं का?

मला हा प्रश्न जरा घरचाच वाटला. कारण मी अलोऱ्याचा. चिपळूणहून कुंभार्ली घाटाकडे निघालात की घाट चढायच्या आधी आमचं गाव लागतं. कोयना प्रकल्पाची कॉलनी म्हणून लोक ओळखतात. आमच्याकडे हॅलोविन नाही, पण शिमग्याला संकासुर येतो. आणि भीती व मजा एका अंगणात कशी नांदते हे त्याच्याइतकं कोणी शिकवू शकणार नाही.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. चिपळूण, गुहागर, दापोली या पट्ट्यात होळीच्या आसपास खेळे घरोघर फिरतात. त्यात काळे कपडे, काळा मुखवटा, वर उंच निमुळती टोपी, लांब पांढरी दाढी आणि कमरेला घुंगरांचा पट्टा असं एक सोंग असतं, तो संकासुर. हातात दोरी नाहीतर काठी. सोबत गोमू, म्हणजे साडी नेसलेला पुरुष, तो नाचतो. पुराणातला शंखासुर वेद पळवतो आणि विष्णू मत्स्यावतार घेऊन त्याला मारतो, ती गोष्ट तुम्हाला माहीत असेल. आमच्याकडे मात्र हा नुसता राक्षस राहिलेला नाही. लोक त्याला नारळ देतात, त्याच्यापाशी नवस बोलतात, तान्ही मुलं त्याच्या हातात देतात. खाली सिंधुदुर्गात जा, तिथल्या दशावतारात हाच संकासुर मालवणीत बोलून लोकांना पोट धरून हसवतो. राक्षस एकच, कुठे घाबरवतो, कुठे हसवतो, आणि आमच्या अंगणात दोन्ही करतो.

वडील प्रकल्पात नोकरीला लागले तेव्हा आई देशावरून आलेली. पहिल्या शिमग्याला तिने हे काळं ध्यान अंगणात शिरताना पाहिलं आणि धाडकन दार लावलं. शेजारच्या काकींनी बाहेरून हाक मारली, "अहो वहिनी, दार काय लावताय, देव आलाय! नारळ आणा, पोस्त काढा, नि बाळाला घेऊन ओटीवर या." ते बाळ म्हणजे मी. मी म्हणे इतका रडलो की सनईवाला थांबला.

आता गंमत बघा. तेवढं रडलेला मुलगा दहाव्या वर्षी खेळ्यांच्या मागे वाड्यावाड्या हिंडत होता. हे आपोआप झालं नाही, त्याला पायऱ्या होत्या. पहिली दोन-तीन वर्षं आईच्या कडेवर, तोंड तिच्या खांद्यात. मग दाराच्या आड उभं राहून एका डोळ्याने. मग ओटीवर, पण आजीचा पदर धरून. मग अंगणाच्या कडेला. मग एक वर्ष असं येतं की तुम्हीच लांबून त्याला चिडवता, तो धावतो, तुम्ही पळता, आणि तो तुम्हाला पकडत नाही. हे मला मोठेपणी कळलं. घुंगरं बांधलेला धडधाकट माणूस सात वर्षांच्या पोराला पकडू शकत नाही असं थोडंच आहे? तो पकडायचं नाही असं ठरवूनच धावतो. अंतर तो राखतो. चांगला संकासुर म्हणजे ज्याला समोरच्या पोराचं वय नजरेने कळतं. कडेवरच्या बाळासमोर तो हळू येतो, तेराच्या टग्यावर मात्र दोरी आपटतो.

आणखी एक गोष्ट, तो कधी अचानक येत नाही. ढोल दोन वाड्या आधीपासून ऐकू येतो. मग घुंगरं. पोराला आपली जागा निवडायला वेळ मिळतो. जागा स्वतःच्या घराची, मागे माजघर आहेच. समोर गोमू नाचत असते, शेजारी हसत असतात, आजी ओवाळत असते. भीती एकटी येत नाही, सगळं घर तिच्यासोबत उभं असतं. सोसायटीच्या जिन्यात नेमकं याच्या उलट झालं: अंधार, आवाज नाही, आई वरच्या मजल्यावर, आणि पळायचं कुठे ते माहीत नाही.

याचा अभ्यासही झालाय बरं का. डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठात गमतीच्या भीतीवर काम करणारा एक गट आहे. त्यांनी वेइले गावाजवळच्या एका भुताटकीच्या घरात 110 लोकांना हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं लावून आत सोडलं. 2020 साली निष्कर्ष छापले. भीती वाढते तशी मजा वाढते, पण एका टप्प्यापर्यंतच, त्यापुढे भीती वाढली की मजा घसरते. म्हणजे आलेख उलट्या वाटीसारखा. त्याच गटाच्या आणखी एका अभ्यासात दिसलं की काही लोक मुद्दाम जास्त घाबरायला बघतात, तर काही डोळे मिटून, कोणाचा तरी हात धरून भीती कमी करतात. समाधान मात्र दोघांचंही सारखंच. म्हणजे आजीचा पदर धरणारं पोर काही गमावत नाही. तेव्हा 'भित्रा कुठला, सोड पदर' म्हणणाऱ्या काकांना हे जरूर वाचून दाखवा.

मोठ्या थीम पार्कवाल्यांनी हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्मने 1973 साली हॅलोविनच्या भीतीच्या रात्री सुरू केल्या. फ्लोरिडात युनिव्हर्सलने 1991 साली तेच केलं, आणि ते स्पष्ट सांगतात की हा कार्यक्रम 13 वर्षांखालच्या मुलांसाठी योग्य नाही. त्याच ओरलँडोत डिस्नेने 1995 पासून दुसरी जत्रा भरवली, जिच्या नावातच 'फारसं भीतीदायक नाही' असं आहे. तिथे लहान मुलं सोंगं घेऊन चॉकलेटं गोळा करतात. पण गंमत अशी की मिरवणुकीच्या आधी तिथेही एक मुंडकं नसलेला घोडेस्वार दौडत जातो. थांबत नाही, कोणाच्या अंगावर येत नाही, नुसता समोरून निघून जातो. तेवढी चिमूट त्यांनाही लागतेच. काही पार्कांत चमकणारी माळ विकत मिळते. ती गळ्यात असली की भुतांनी त्या माणसाला घाबरवायचं नाही. पैसे घेऊन का होईना, आजीचा पदरच आहे तो.

आपल्याकडे खोपोलीच्या इमॅजिकात सलीमगढ नावाचा अंधारातून चालत जायचा भुताटकीचा वाडा आहे. तिथे मुलाला न्यायचं तर त्याला आधी बाहेर उभं करा, बाहेर येणाऱ्या लोकांचे चेहरे बघू द्या. हसत येतायत की नाही? मग त्यालाच ठरवू द्या. दारातून परत फिरला तर त्यावर विनोद नको.

मला वाटतं, वयाप्रमाणे वेगळ्या जत्रा करणं सोपं आहे, पण त्यात एक नुकसान होतं. लहान मुलाला मोठी मुलं घाबरून मग हसताना दिसत नाहीत. आमच्या अंगणात ती दिसतात. चार वर्षांचं पोर सात वर्षांच्या ताईकडे बघतं, आणि पुढची पायरी कशी असते ते त्याला कळतं.

आता माझीच फजिती सांगतो, कारण एवढं शहाणपण सांगणाऱ्याच्या घरात गेल्या वर्षी काय झालं ते लपवणं बरं नाही. पुण्याहून लेकीला घेऊन शिमग्याला घरी गेलो. साडेचार वर्षांची. संकासुर अंगणात आला आणि ती पांढरीफटक पडली. रडलीसुद्धा नाही, जे जास्त वाईट. नंतर पंधरा दिवस बाथरूममध्ये एकटी जाईना. मी आधी सोंग घेणाऱ्यावर चिडलो. मग बायको म्हणाली, "त्याचं काय चुकलं? वर्षभर तिला जेवताना 'संकासुराला बोलावू का' कोण म्हणत होतं?" मीच. शिवाय मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवून हसत होतो, तेही मीच.

खरी गडबड तिथे झाली होती. संकासुराची भीती शिमग्याच्या दिवसांपुरती आणि अंगणापुरती असते. तो येतो, नारळ घेतो आणि जातो. जाताना पाठ दिसते, घुंगरं लांब जातात. मी त्याला ताटासमोर आणून बसवला, आणि शिक्षा करणारा केला. मग तो जाणार कसा? तिच्यासाठी ते सोंग उरलंच नव्हतं.

म्हणून ताई, तुमच्या मुलाच्या बाबतीत आधी बघा की ते मुखवटे नंतर घरात कोणी धमकी म्हणून वापरले का. आणि सोसायटीच्या मुलांना सांगून बघा: दिवे चालू, येण्याआधी ढोल नाहीतर घंटा, लहानांचे आईबाप सोबत, आणि मुखवटा एकदा सगळ्यांसमोर चढवायचा, एकदा सगळ्यांसमोर उतरवायचा. मुलं ऐकतात. त्यांना आणखी एक काम द्या, लहानग्यांना मुखवटा हातात धरू द्यायचा. आतून तो पुठ्ठा असतो, घामाचा वास येतो, हे कळलं की निम्मं काम होतं.

यंदा आम्ही पुन्हा जातोय. जेवणावरून संकासुर बंद केलाय, त्याला आता सात-आठ महिने झाले. सोंग घेणारा दादा ओळखीचा आहे. त्याला फोन करून सांगितलंय की आमच्या घरी यायच्या आदल्या दिवशी टोपी आणि घुंगरं घेऊन दुपारी चहाला ये. घुंगरं तिच्या हातात देणार आहोत. दुसऱ्या दिवशी ती ओटीवर बसेल की माजघरात, ते तिने ठरवायचं. काल मला विचारत होती, "बाबा, त्याला नारळ मीच देऊ?" मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, "आजीला पण बरोबर उभं राहायला सांग."

पुढच्या भागात भेटू. तुमच्याकडच्या शिमग्याला कोणतं सोंग येतं, आणि तुम्ही कोणत्या पायरीवर होतात, ते कळवा.